गुरुवारची भिशी

पाचजण डोळे मिटून बसलो होतो आणि शिट्टी वाजली. दोन वर्षं झाली, अजून कानात आहे.

आमचा प्रार्थनेचा गट गुरुवारी भरतो. भोसरी-पिंपरीकडच्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, हे इथं कुणाला सांगायला नको. रविवारी मशीन चालू, त्यामुळे चर्चमधली उपासना हुकते. आम्ही सगळे राहुरी-नेवाशाकडचे. खोल्या दहा बाय दहाच्या, वर मालकाला गर्दी नको. म्हणून उद्यान.

त्या सकाळी शेजारच्या हिरवळीवर हास्यक्लब चालू होता. हात वर करून, जीभ बाहेर काढून माणसं हा-हा-हा करत होती. त्यांना शिट्टी नाही. आम्ही ना पेटी आणलेली ना टाळ. मावशी हळू आवाजात आजारी शेजारणीसाठी प्रार्थना करत होत्या. रखवालदार काठी आपटत आला. "ओ, डोळे मिटून काय चाललंय?"

पिंपळाखाली दोघे ध्यानाला बसले होते, त्यांचेही डोळे मिटलेलेच होते. ते दाखवायचं सोडून, बायबल मांडीवर असताना, गटाचा पुढारी मी म्हणालो, "काही नाही, भिशी आहे आमची."

तो लगेच नरमला. "मग बसा की. कचरा करू नका फक्त."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, 'आमेन' म्हणाल्या आणि पिशवी उचलली. पेत्राने येशूला नाकारल्यावर कोंबडा आरवला. माझी शिट्टी तर आधीच वाजली होती.

पुढे कित्येक महिने मी त्या रखवालदाराच्या नावाने बोटं मोडत होतो. खरं तर त्याने बसू दिलं होतं. तरी त्याचा राग येतोच. सल मात्र माझ्याच शब्दाचा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणत. १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. देहू इथून हाकेच्या अंतरावर, आणि टिळकांची भजनं म्हणत वाढलेला मी भिशी म्हणालो!

आता चाकणला आंबेठाण रस्त्याच्या एका टपरीमागे बसतो. एक बाकडं, दोन क्रेट. कुणाला असा गट चालवायचा असेल तर आधी कटिंग सांगावेत, फुकट जागा अडवू नये. पत्रकं वाटू नयेत. वचन चार ओळींचंच घ्यावं, ट्रेलर गेला की पाचवी ऐकूच येत नाही. आम्ही मान खाली घातली की टपरीवाला शेगडी बारीक करतो. मला वाटलं, आदर. "गिऱ्हाईक नसतं तेव्हा, गॅस वाचतो," तो म्हणाला.

आम्ही कोण, हे त्याने अजून विचारलेलं नाही. विचारलं तर काय सांगायचं, ते मी येताना बसमध्ये घोकतो.

मागच्या गुरुवारी चहाचे पैसे गोळा करत होतो. मावशींनी पन्नासची नोट माझ्या हातावर ठेवली.

"घे, भिशीचे."

हसल्या की नाही, मला कळलं नाही.