आदेश आणि आगम

वंशावळ जुळविणें हें वाटतें तितकें सोपें काम नाहीं, हें वाचकांस सांगावयास नकोच. आमच्या घराण्याच्या दोन याद्या होत्या. एक आमची, दुसरी नागपूरच्या चुलत बंधूंची. वाड्याची वांटणी झाल्यापासून दोन्ही घरांचें बोलणें नव्हतें. तरी आमच्या पुतण्यानें त्यांच्या चिरंजीवांकडून यादी मागविली आणि दोन्ही याद्या पायथन नामक संगणकाच्या भाषेंत भरल्या. ही भाषा गिडो व्हान रॉसम ह्या डच गृहस्थांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केली. तींत डिक्शनरी, म्हणजे कोश, असतो. आणि शब्दापुढें अर्थाच्या जागीं दुसरा कोशहि ठेवितां येतो. आमच्या कोशांत प्रत्येक नांवापुढें जन्मसाल, गांव, श्राद्धतिथि असा लहान कोश होता.

"काका, क्षणाचें काम आहे," असें म्हणून पुतण्यानें डावीकडे आमचा कोश, उजवीकडे त्यांचा, आणि मध्यें उभी रेघ दिली. ही सोय २०२० सालच्या ३.९ ह्या आवृत्तीपासून आहे. दोहोंचा एक कोश झाला. यंत्रानें कांहींच तक्रार केली नाहीं. आम्हीं प्रथम आत्याबाईंचें नांव काढिलें, कारण आई गेल्यावर आम्हांस त्यांनींच वाढविलें. नांव होतें, तिथि नव्हती.

नागपूरच्या यादींत त्यांचें नुसतें गांव होतें. उभी रेघ वरचीं नांवें तेवढीं पाहते. नांव दोहोंकडे असल्यास उजवीकडील सबंध नोंद घेते, आंत डोकावत नाहीं. पाणिनीच्या व्याकरणांतहि तुल्यबल नियमांचा विरोध आल्यास पुढील नियम बलवत्तर ठरतो. मग यंत्रास दोष कसा द्यावा? त्यानें आदेश केला. आम्हांस आगम हवा होता. आदेश पहिल्यास घालवून त्याच्या जागीं बसतो. आगम कोणास न उठवितां येऊन मिळतो.

पुतण्यानें मग स्वतःसच पुनःपुनः बोलाविणारें फंक्शन लिहिलें: दोहोंकडे कोश असल्यास आंत शिरून तीच रीत चालवावी, एकीकडेच असेल तें राखावें. तिथि परत आली.

"आणि दोन तिथी निरनिराळ्या निघाल्या तर?"

"उजवीकडची घेईल."

"नको. तेथें थांबून आम्हांस विचारावें."

त्यानें तसें केलें. यंत्र तीन ठिकाणीं थांबलें. आम्हीं नागपुरास फोन केला. पंचवीस वर्षांनीं बंधूंचा आवाज ऐकला. तिहींपैकीं दोन ठिकाणीं चूक आमच्याच यादींत निघाली.