कळंगुटची कोपी

मराठवाड्यातल्या माणसाला समुद्र पहिल्यांदा भेटतो तो कीर्तनात. तो भवसागर असतो आणि तो तरून जायचा असतो. त्याच्या काठावर खाट टाकून, पायावर पाय ठेवून पडून राहायचे असते, असे आम्हांला कोण्या बुवांनी सांगितल्याचे आठवत नाही. मराठी साहित्यात समुद्र पुष्कळ आहे. पण तो बहुतेक कोकणातून आलेला, जन्मापासून गाज ऐकलेल्या माणसांनी लिहिलेला. बालाघाटाच्या डोंगरातून खाली उतरून त्याच्यासमोर प्रथमच उभे राहणाऱ्यांचा समुद्र आमच्या तरी फारसा वाचनात नाही. (तो आम्ही लिहू असा दावा नाही. आम्ही तिथे दोन रात्री राहिलो, इतकेच.)

बीडहून मांजरसुंब्याला येऊन पाटोद्याच्या रस्त्याला लागले की आमचे लिंबागणेश लागते. गावाला नाव दिले ते भालचंद्र गणेशाने. चंद्र गणपतीला हसला, शाप लागून निस्तेज झाला, मग त्याने इथे तप केले आणि गणपतीने त्याला कपाळावर जागा दिली, अशी कथा. देवळाजवळच्या तीर्थाचे नावही चंद्रपुष्करिणी. लहानपणी पाण्याचा मोठा साठा म्हणून जे काही आम्ही पाहिले ते एवढेच. पुढे पाणी म्हटले की डोळ्यांसमोर येऊ लागला तो टँकर. २०२३ चा पावसाळा कोरडा गेला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात जिल्ह्यात पुन्हा टँकरच्या खेपा सुरू झाल्या. त्याच मे महिन्यात आम्ही दोघा भावांनी ठरवले की आईला समुद्र दाखवायचा. आईची सत्तरी उलटली आहे. तिने आयुष्यात पंढरपूर पाहिले, तुळजापूर पाहिले आणि ऊसतोडीच्या निमित्ताने कृष्णाकाठचे पाच-सहा साखर कारखाने पाहिले. समुद्र राहिला होता.

मांजरसुंब्याहून चौसाळा, येरमाळा, तुळजापूर, सोलापूर. पुढे विजापूर, बेळगाव, चोर्ला घाट आणि साखळीवरून म्हापसा. पाचशेहून अधिक किलोमीटरचा हा रस्ता आईने जवळपास न बोलता, खिडकीबाहेरची पिके पाहत काढला. कर्नाटकात शिरल्यावर उसाचे फड दिसू लागले तेव्हा मात्र ती सरसावून बसली. ‘खोडवा हाय,’ एवढेच म्हणाली.

सिकेरीपासून कांदोळी, कळंगुट करत बागेच्या खाडीपर्यंत सुमारे सहा-सात किलोमीटर एकसलग वाळू आहे. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, त्यानंतरच्या दशकात इथे हिप्पी आले. १९७१ मध्ये बागेला टिटोज सुरू झाले, १९७४ मध्ये आग्वादच्या किल्ल्यालगत ताजचे हॉटेल उभे राहिले, १९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुल परिषदेचे राष्ट्रप्रमुख तिथे विश्रांतीला येऊन गेले आणि १९८७ च्या सुमारास युरोपातून थेट चार्टर विमाने उतरू लागली. त्या विमानांतून आलेल्या पाहुण्यांचे काही गोमंतकीयांनी शेणाचा मारा करून स्वागत केले होते, हेही इतिहासात नोंदलेले आहे. पण या सगळ्यांच्या आधी ही वाळू रापणकारांची होती. गावच्या गाव मिळून दोर ओढणार, जाळे किनाऱ्याला लावणार आणि मासळीचे वाटे करणार. सत्तरच्या दशकात ट्रॉलर आले तेव्हा हेच रापणकार एकत्र येऊन झगडले. आज त्यांच्या होड्या किनाऱ्यावर दिसतात, पण खाटांच्या दोन रांगांमध्ये, जागा अडवल्याबद्दल माफी मागत असल्यासारख्या.

आम्ही पोचलो त्या संध्याकाळी आईने समुद्र पाहिला आणि काहीच म्हटले नाही. आम्ही तिच्या चेहऱ्याकडे पाहत उभे होतो. चार पैसे खर्चून एखादी गोष्ट दाखवायला नेलेल्या माणसाकडे पाहतात तसे. बऱ्याच वेळाने तिने विचारले, ‘हे सगळं खारंच का?’ खारेच, असे सांगितल्यावर तिने मान हलवली. पाण्यातून आल्यावर अंगावरचे मीठ धुवायला पैसे देऊन गोड्या पाण्याखाली उभे राहावे लागते, हे कळल्यावर मात्र तिला हसू आवरेना. एवढे पाणी पुढ्यात असताना बादलीसाठी पैसे मोजायचे, यात तिला गाव दिसले असावे.

दुसरा दिवस बुद्धपौर्णिमेचा, २३ मेचा. दुपार कलल्यावर आम्ही एका शॅकमध्ये जाऊन बसलो. काही मागवले तर खाट फुकट, असा हिशेब. पाण्याशी लाल निशाण लावलेले होते आणि पुढे जाणाऱ्यांना जीवरक्षक शिट्टी मारून मागे बोलावत होते. आईला आम्ही खाटेवर आडवी हो म्हणून आग्रह केला. ती कडेवर टेकली, पाय खालीच. दिवसाउजेडी चार लोकांत आडवे होणे हे आजारी माणसाचे काम, अशी तिची पक्की समजूत आहे. तशीच बसून ती वर पाहू लागली. बांबूचे खांब, बांबूच्या आडव्या, त्यांवर झावळ्या, बाजूंना तट्ट्या, जागोजागी काथ्याच्या गाठी. आणि मग भोवतालच्या संगीतावरही मात करील अशा आवाजात ती म्हणाली:

‘अरं, ही तर कोपीच हाय की! कारखान्यावर आपण ऱ्हायचो तशी.’

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्याकडून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि नवरा-बायको मिळून जो एक आकडा होतो त्याला ‘कोयता’ म्हणतात. कारखान्याच्या तळावर किंवा फडाशेजारी बांबू, पाचट, तट्ट्या आणि असलीच तर ताडपत्री यांची जी कमरेत वाकून शिरायची झोपडी उभी राहते ती कोपी. गाळप संपले, म्हणजे पट्टा पडला, की कोपी मोडायची आणि गावी परतायचे. आम्हा दोघांच्या बालपणीचे कितीतरी हिवाळे तिच्यात गेले. आई-वडील पहाटेच फडात जात, आणि दिवस उजाडे तो धाकट्याला सांभाळत, चुलीतल्या राखेत हात शेकत.

शॅकचा पोऱ्या जवळ आला तर आईने त्याला गाव विचारले. नेपाळचा निघाला. ‘इधर का पट्टा कब पडता है?’ हा तिचा पुढचा प्रश्न. त्याला ‘पट्टा’ कळला नाही. पण मतलब कळला असावा, कारण त्याने सांगितले की महिनाअखेर सगळे काढावे लागते, मग तो मनालीकडे जातो, तिकडे तेव्हा सीझन असतो. आई खूश झाली. आता ती त्याला सांगू लागली की आम्ही पण असेच, सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. ही दोन लेकरे कोपीतच मोठी झाली. या थोरल्याला तर उसाचे पाचट डोळ्यात गेले होते, तेव्हा...

शेजारच्या खाटांवर पुण्या-मुंबईची वाटावीत अशी मंडळी होती. त्यांनी वळून पाहिले. बस, पाहिले इतकेच. त्यांच्या नजरेत काय होते हे सांगता येणार नाही, कदाचित काहीच नसेल. आम्ही दोघे एकदमच म्हणालो, ‘आई, हळू बोल जरा.’

ती थांबली. त्यानंतर ती हळू बोलली नाही, बोललीच नाही.

आता इतक्या दिवसांनंतर त्या क्षणाचा विचार करताना आम्ही आपली बाजू मांडण्याचा प्रयत्न अनेकदा केला आहे. आम्हांला तिला विश्रांती द्यायची होती. ती विश्रांती देताना, ती ज्यातून मिळवली ते मात्र झाकून ठेवायचे होते. आम्ही कपडे चांगले घातले होते, खाण्याची नावे नीट उच्चारून मागवली होती आणि दोन तासांपुरते आम्ही त्या शेजारच्या खाटांवरच्या मंडळींपैकी होतो. आईच्या एका वाक्याने छप्पर बदलले.

आणि तिचे म्हणणे मुळीच भाबडे नव्हते. या किनाऱ्यावर शॅक तात्पुरतीच असते ती कायद्यामुळे. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामावर बंधने घातली. वाळूवर पक्के काही बांधता येत नाही. म्हणून दरवर्षी सरकारकडून परवाना घ्यायचा, पावसाळा सरल्यावर उभारायची आणि ३१ मेच्या आत मोडून न्यायची. किनारा पुन्हा किनारा व्हावा म्हणून शॅक जाते. कोपी जाते ती मात्र वेगळ्या कारणाने: तिच्यात राहणाऱ्यांची जबाबदारी वर्षभर कोणाला घ्यायची नसते. बांबू तोच, गाठ तीच, महिनेही जवळजवळ तेच. एकीचे नाव घेतल्यावर लोकांना सुट्टी आठवते. दुसरीचे नाव घेतल्यावर आम्ही आईला हळू बोलायला सांगतो.

अलीकडे बागेकडे, आणि पलीकडे हणजूण-वागातोरच्या बाजूला, शॅकच्या जागी बीच क्लब म्हणवणारे काही दिसते. पांढरे कोच, पांढरे पडदे, दिव्यांच्या माळा, चबुतऱ्यावर डीजे. तिथून मात्र कोपी आठवत नाही. त्या पांढऱ्या रंगात मीठ-वाळू-घाम यांपैकी कशाचीच खूण राहू नये अशी व्यवस्था आहे, आणि ती ठेवण्यासाठी किती माणसे मागे राबत असतील याचा अंदाज आमच्यासारख्यांना सहज येतो. पण खोटे कशाला बोला, संध्याकाळी त्या दिव्यांकडे पाहत वाळूतून चालताना आम्हांला छान वाटत होते. तरुण मुलेमुली उघड्यावर नाचत होती आणि त्यांना कोणी विचारत नव्हते. आमच्या गावात लग्नाची वरात सोडली तर माणसाला नाचायला जागा नाही. बायकांना तर तीही धडपणी नाही. असो.

आम्ही चालून परत आलो तो आई खाटेवर नव्हती. ती पुढे वाळूत मांडी घालून बसली होती आणि तिच्यासमोर मण्यांच्या माळा, पैंजण, आरशाच्या पिशव्या पसरून एक लमाणी बाई. कळंगुटला या बायका वर्षानुवर्षे फिरतात. बहुतेक कर्नाटकातून आलेल्या. पर्यटक त्यांना हातानेच ‘नको’ म्हणतात आणि पोलीस दिसले की त्या बोचकी उचलून चालू लागतात. ही गदगकडची होती. आमच्याकडे तांडे पुष्कळ, त्यामुळे आईला त्यांच्या बोलीतले बरेच समजते. ती बाई आईला ‘याडी’ म्हणत होती. माळेचा भाव काय, यावर बोलणे चालले नव्हते. पोरे कुठे शिकतात, तांड्यावर मागे कोण असते, पाऊस कसा झाला, हे चालले होते. आई मोठ्याने बोलत होती. आम्ही थोडे अलीकडेच थांबलो. जवळ जाऊन बसावे की नाही हे आम्हा दोघांनाही ठरवता येईना, आणि तेवढ्यात ती बाई उठून गेली. आईच्या हातात एक निळी माळ होती. पैसे तिने स्वतःच्या कनवटीचे दिले होते.

रात्री चंद्र माडांच्या मागून, ढगांतून वर आला. संध्याकाळी ओहोटीने वाळू रुंद करून ठेवली होती. आता पाणी पुन्हा वर चढू लागले. पौर्णिमेची भरती या किनाऱ्यावर मध्यरात्रीच्या सुमारास पुरी होते. उघड्यावरच्या संगीताला रात्री दहाची मर्यादा आहे. आम्ही बसलो होतो तिथले दहाला थांबले, बागेकडून मात्र ढोलाचा ठेका येतच राहिला. धाकट्याने आईला समजावून सांगितले की हे पाणी चंद्राच्या ओढीने चढते, उद्या ते पाऊण तासाहून अधिक उशिरा चढेल. आईने ऐकून घेतले. मग म्हणाली, ‘लिंबागणेशाला त्यानं तप केलं, तेव्हा तिथं तर घागरभर पाणी व्हतं.’ दुपारनंतरचे आमच्याशी बोललेले तिचे हे पहिले वाक्य. पोऱ्ये खाटा उचलून मागे आणत होते. लाटेची कड आमच्या पायांपर्यंत आली तेव्हा आईने पाय मागे घेतले नाहीत.

सकाळी निघण्याआधी शेवटचे पाहू म्हणून गेलो, तर कालच्या शॅकशेजारची एक मोडायला काढली होती. तीन-चार पोरे सुऱ्यांनी काथ्या कचाकच कापत होती आणि वरचे बांबू धडाधड खाली येत होते. आई चपला काढून सरळ आत गेली. ‘कापू नगा रं, सोडा. काथ्या पुढच्या साली व्हतोय.’ भाषा कळण्याचा प्रश्नच नव्हता. तिने एक गाठ घेतली, अंगठ्याने दाबली, टोक मागे सारले आणि ती सुटली. पोरे हसली. एकाने सुरी खाली ठेवली. तिने दुसरी गाठ सोडली, मग तट्टी गुंडाळायला सुरुवात केली. ती तिच्या हाताच्या मानाने लांब होती, दुसऱ्या टोकाला माणूस हवा होता.

‘धर की रं,’ ती आमच्याकडे न पाहता म्हणाली. गाडीवाला वर रस्त्यावर हॉर्न वाजवत होता. आम्ही बूट काढले.