शेळी चावत नाही, ताई!

सोमवारी सकाळी ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी ठरलेला प्रश्न येतो, 'काय मग, वीकेंड कसा गेला?' कुणाचं लोणावळा, कुणाचं मल्टिप्लेक्स. मी म्हणायचे, 'काही नाही यार, घरीच!'

चक्क खोटं. दर शनिवारी मी धाकट्या भावाला घेऊन पुण्याबाहेरच्या एका शेतावर जायचे. पण शेताचं सांगायचं म्हणजे भावाचंही सांगणं आलं ना!

आमचा छोटू. वय २३, उंची सहा फूट, तरी घरात छोटूच. त्याला ऑटिझम आहे. मराठीत 'स्वमग्नता' म्हणतात. मला तो शब्द कधीच पटला नाही. मग्न तो असतोच, पण स्वतःत नाही. एसटीच्या वेळापत्रकात, पावसाच्या आकड्यांत आणि हल्ली शेळ्यांत.

शेत एका संस्थेचं. वस्तीतल्या शाळांची मुलं तिथे येतात, अंडी गोळा करतात, शेळ्यांना पाला घालतात. स्वयंसेवक हवे होते आणि बारावीनंतर छोटू घरीच बसून होता. मी फॉर्म भरला. 'विशेष माहिती' या रकान्यात लिहिलं, 'थोडा लाजाळू आहे.'

पहिल्याच शनिवारी विकेट पडली. जेवणाची पितळी घंटा घणघणली, पन्नासेक मुलं किंचाळत धावली आणि छोटू कान दाबून कडब्याच्या खोलीत जाऊन बसला. दीड तास! तिथल्या काकू एवढंच म्हणाल्या, 'अगं, आधी सांगितलं असतंस तर घंटा वाजवलीच नसती.'

रागावल्या नाहीत, कीवही केली नाही. मला मात्र तोंड कुठे लपवू असं झालं. अपंगांसाठीच्या १९९५च्या कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं. २०१६च्या कायद्याने २१ प्रकारांत त्याला जागा दिली. त्याचं सर्टिफिकेट आमच्या कपाटात आहे. आणि मी, सख्खी बहीण, फॉर्मवर तो एक शब्द लिहू शकले नाही. लाजाळू नक्की कोण होतं, सांगा?

पुढच्या शनिवारपासून घंटेऐवजी हिरवं फडकं आलं. छोटूला कामांची यादी मिळाली, वेळेसकट. ८ वाजता पाणी, ८.२०ला चारा, ९ वाजता अंडी मोजणे. यादी हातात असली की स्वारी खूश. कोंबडीचं पिल्लू २१ दिवसांनी बाहेर येतं, शेळी साधारण १५० दिवसांनी विते, हे तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. कुणी विचारलं नाही तरी. शेळ्या उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव २०२३मध्ये धाराशिव झालं, शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली, हेही सांगतो.

मग एका शनिवारी सात-आठ वर्षांची एक मुलगी कुंपणाला चिकटून रडायला लागली. शेळी चावेल म्हणून. तिच्या बाईंनी चॉकलेट पुढे केलं. मी 'अगं, काही नाही करत ती, घाबरू नकोस' असा जप चालवला. रडणं वाढलंच.

छोटू आला. मुलीकडे बघितलंही नाही. शेळीकडे बघत म्हणाला, 'हिला वर पुढचे दात नाहीत. नुसती हिरडी आहे. खाली आठ आहेत. पाला द्यायचा तर हात सपाट ठेवायचा.'

रडणं थांबलं. 'खरंच नाहीत?'

'मी खोटं बोलत नाही.'

तिने डोळे मिटून तळहात पुढे केला. शेळीने पाला उचलला. मुलगी खुदकन हसली आणि म्हणाली, 'अजून द्या!' तोवर ८.४० झाले होते. यादीप्रमाणे गोठा झाडायची वेळ! छोटूने माझ्या हातात पाल्याची पेंढी दिली आणि निघून गेला. मला म्हणाला, 'ताई, तू पण सपाट ठेव. चावत नाही ती.'

आम्ही दोघी पाला भरवत बसलो. 'मी खोटं बोलत नाही' हे वाक्य मात्र डोक्यातून जाईना.

सोमवारी कॉफी मशीनपाशी नेहमीचा प्रश्न आला. मी म्हटलं, 'शेळ्यांच्या शेतावर गेले होते. माझा भाऊ तिथे काम करतो. ऑटिस्टिक आहे तो.'

दोन सेकंद शांतता. मग आमच्या टेस्टिंगमधली एकजण म्हणाली, 'ए, पण शेळी चावते का गं?'

आणि मी सांगत बसले. कॉफी पार गार झाली.