खालचे सात जण

इंडस्ट्रियल व्हिजिटचा शेवटचा दिवस म्हणजे अर्थातच गोवा! अख्खा वर्ग बीचसाठी घायकुतीला आलेला, आणि सरांनी बस थांबवली जुन्या गोव्यात, बॉम जेझूस बॅसिलिकासमोर. १५९४ साली बांधायला घेतलेलं आणि १६०५ मध्ये पूर्ण झालेलं हे चर्च. सगळे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीकडे पळाले. मी मात्र मध्येच थबकले.

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे चर्च मला नवं नाही, पण असं पुल्पिट मी कधी पाहिलं नव्हतं. पुल्पिट म्हणजे फादरांनी उभं राहून प्रवचन द्यायचं उंच आसन. हे लाकडी, भिंतीला लागून. वर छत आहे, ते नुसतं शोभेचं नाही. माइक नव्हते तेव्हा आवाज वर विरून न जाता खाली लोकांकडे यावा, म्हणून अशी छतं करत. तीन बाजूंना कोरलेत येशू, शुभवर्तमानं लिहिणारे चौघे आणि चार धर्मपंडित. आणि अगदी तळाशी सात आकृत्या, जणू सगळा डोलारा त्यांनीच तोलून धरलाय.

माझं डोकं लगेच मेकॅनिक्समध्ये शिरलं. भार खरा कुठे जातो? भिंतीत की या सात जणांवर? बाहेर येऊन बाबांना फोन लावला. बाबा सुतार आहेत.

"सांधा कुठं दिसला का गं?"

"नाही."

"मग कारागीर पक्का. आणि ओझं त्यांनीच घेतलंय असं बघणाऱ्याला वाटतं ना? मग झालं. वरचं सगळेच बघतात, तू खालचं बघितलंस."

मला एकदम काहीच बोलता येईना. शाळेत दरवर्षी 'फादर्स ऑक्युपेशन'च्या रकान्यात मी 'बिझनेस' लिहायचे. मैत्रिणींचे बाबा डॉक्टर, बँकेत मॅनेजर. माझ्या फीचे पैसे मात्र रंधा मारून, पटाशी चालवून यायचे. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये टी-लॅप जॉइंट करताना माझ्या हाताला फोड आले, तेव्हाही मला हे सुचलं नव्हतं.

त्या दिवशी बीचवर सगळ्यांनी खूप धमाल केली. मीही केली. पण परत आल्यावर परीक्षेचा फॉर्म भरताना वडिलांच्या व्यवसायापुढे ठळक अक्षरांत लिहिलं, 'सुतार'.

खिडकीतल्या काकांनी न वाचताच शिक्का मारला!