काजव्यांचा अल्बम

मेलोट्रॉन हे वाद्य लांबून आपल्या पायपेटीसारखं दिसतं. पट्ट्या ३५, पण भाता नाही. प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा, आणि त्यावर कुणीतरी कधीकाळी व्हायोलिनवर वाजवून ठेवलेला एकच सूर. पट्टी दाबली की फीत सरकते, सूर उमटतो. आठेक सेकंदांत फीत संपते आणि सूरही संपतो. बोट उचललं की फीत पुन्हा मागे जाते. त्या सुरात एक बारीक कंप असतो, थंडीत बोलताना आवाज थरथरावा तसा. सत्तरच्या दशकातलं प्रोग्रेसिव्ह रॉक माझ्या आत शिरलं ते या कंपातून.

किंग क्रिमसन, जेनेसिस, येस या बँडची नावं कुणीही सांगतं. मागच्या रांगेतली माणसं मात्र शोधावी लागतात. इंग्लंडातल्या लेस्टरचा ‘स्प्रिंग’ हा बँड मला असाच सापडला. १९७१ साली त्यांचा बँडच्याच नावाचा अल्बम आला, वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला. पाच जणांतले तिघं मेलोट्रॉन वाजवायचे! ड्रमवर होता पिक विदर्स. पुढे डायर स्ट्रेट्स या बँडच्या ‘सुलतान्स ऑफ स्विंग’ या गाण्यात साऱ्या जगानं ज्याचा ठेका ऐकला, तो हाच. त्या ठेक्याची सुरुवातीची पावलं इथं ऐकू येतात, आणि मला ती अधिक प्रिय आहेत.

पण जीव जडला तो इटलीवर. या संगीताला इटलीनं फार लवकर आपलं म्हटलं. व्हॅन डर ग्राफ जनरेटर या इंग्लिश बँडचा ‘पॉन हार्ट्स’ हा अल्बम १९७२ मध्ये तिथं पहिल्या क्रमांकावर गेला, इंग्लंडात मात्र त्याची डाळ शिजली नाही. मग इटलीतल्या गावागावांतली मुलं स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या ढंगानं हे संगीत रचू लागली. द्राक्षांच्या मळ्यांतल्या आस्ती गावातून आला ‘लोकांदा देल्ले फाते’, म्हणजे पऱ्यांची सराई. सात जणांचा बँड. त्यांचा पहिला अल्बम १९७७ चा, ‘फोर्से ले लुच्चोले नॉन सी आमानो प्यू’. अर्थ असा की, काजवे कदाचित आता एकमेकांवर प्रेम करत नाहीत.

हे नाव वाचलं त्या दिवशी मी कितीतरी वेळ तसाच बसून होतो. भंडारदऱ्याला मेअखेरीस काजव्यांनी लगडलेलं झाड मी पाहिलंय. ती लुकलुक म्हणजे जोडीदाराला घातलेली साद असते. प्रेम थांबलं तर उजेडच थांबेल. आणि इटलीत तेव्हा काजवे खरोखरच दिसेनासे होत होते. इटालियन कवी-दिग्दर्शक पाझोलिनीनं १९७५ मध्ये वर्तमानपत्रात त्यावर लेखही लिहिला होता.

अल्बमच्या पहिल्या रचनेत शब्दच नाहीत. गायकाचा आवाज येतो तो दुसऱ्या, शीर्षकाच्या रचनेत. लिओनार्दो सास्सोचा आवाज खरखरीत, मातीतला. भोवती पियानो इतका नाजूक की, हा आवाज त्याला मोडून टाकेल असं वाटतं. मोडत नाही. पियानो त्याला वाट करून देतो, आणि दोघांच्या मध्ये जी जागा राहते तिथंच हे गाणं राहतं. मला इटालियन येत नाही, तरी या जागेशी दर वेळी घसा दाटतो.

१९७७ हे साल पंक रॉकचं होतं. लांबलचक रचना ऐकायला कुणाला सवड नव्हती. हा अल्बम चार वर्षं आधी आला असता तर आज त्याचं नाव मोठ्यांच्या पंगतीत घेतलं गेलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बँड विखुरला. अधूनमधून ही मंडळी पुन्हा एकत्र येत राहिली.

हा अल्बम तुकड्यातुकड्यांनी ऐकू नका. रात्री दिवे मालवा, आणि पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत सलग ऐका. मग त्यांचा २०१२ चा अल्बम लावा. त्याच्या नावाचा अर्थ आहे, हरवलेले काजवे.