गिफूच्या अंगणातली गाडी

मुलाच्या नोकरीमुळे आमचे जपानात नागोया शहरी जाणे झाले. शेजारच्या आजोबांनी एके दिवशी विचारले, "माझी गाडी पाहायला येता का?" आम्हांला वाटले, दारातच असेल. तर आगगाडीने, पुढे बसने, थेट गिफू प्रांतात त्यांच्या धाकट्या भावाच्या खेड्यात नेले!

झाले होते असे. मोटारींच्या धुराविषयी जपानने १९९२ साली कायदा केला व २००१ साली तो कडक केला. तोक्यो, ओसाका, आइची अशा ८ प्रांतांतील नेमलेल्या भागांत, मापात न बसणारी डिझेल गाडी मुदतीनंतर 'शाकेन' म्हणजे सरकारी तपासणीत पास होत नाही. शाकेनवाचून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. नागोया आइचीत, गिफू त्या ८ प्रांतांत नाही. म्हणून आजोबांची जुनी लँड क्रूझर भावाच्या नावावर, भावाच्या अंगणात. गंमत अशी, की गिफूच्या नंबराची तीच गाडी नागोयात हिंडली तर हा कायदा तिला अडवत नाही. नोंद नको, धूर चालेल!

पेट्रोलच्या प्रवासी मोटारींना अशी बंदी नाही, पण १३ वर्षे झाली की मोटार-कर सुमारे १५ टक्क्यांनी चढतो.

आमचे यजमान लगेच आजोबांच्या बाजूचे झाले. सासऱ्यांनी मुंबईत फियाट टॅक्सी चालवून पाच मुले शिकवली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि २० वर्षे भरताच २०२३ साली बाद झाली. त्या दिवशी यजमान नीट जेवले नाहीत.

आमची मात्र सारी नोकरी छातीच्या वॉर्डात गेली. पहाटे तीनला श्वासासाठी उठून बसलेला रोगी ज्याने पाहिला, त्याला धुराचा कायदा जाचक कसा वाटावा? तोक्योच्या दमेकऱ्यांनी १९९६ साली सरकार आणि मोटार कंपन्यांवर खटला भरला. तडजोड व्हायला २००७ साल उजाडले.

आजोबांनी गाडी सुरू केली. दिवंगत पत्नीबरोबर ते हिच्यातून समुद्रकिनारी जात. मागून काळा लोट आला आणि सवयीने आमचा रुमाल नाकाशी गेला. त्यांनी आरशात पाहिले असावे. इंजिन बंद करून ते खाली उतरले, वाकून आमची क्षमा मागितली आणि फडके घेऊन काच पुसू लागले. यजमानांनी दुसरे फडके उचलले.