गाणं आधी, टाचणी नंतर

फणसाच्या झाडावर वीस-पंचवीस फुटांवर बसून गाणारा किडा हातात कसा आणायचा, हाच आमचा पहिला प्रश्न होता. नवी जात वगैरे पुढची गोष्ट.

मी बंगळुरात कीटकांच्या वर्गीकरणाचं काम करते. शहराच्या उत्तरेला एक जुनी बाग आहे, फणसाची आणि थोडी आंब्याची. पाऊस ओसरला की अंधार पडल्यावर तिथे वरच्या फांद्यांतून एक तीक्ष्ण, सलग आवाज येऊ लागायचा. एकदा सुरू झाला की बराच वेळ तुटायचा नाही. बागेत काम करणाऱ्या अण्णांना तो लहानपणापासून ठाऊक. "अक्का, तो खाली येतच नाही," ते म्हणायचे. शेवटी तेच आंबे काढायचा झेला घेऊन शिडीवर चढले, मी खालून विजेरी धरली आणि एक फांदी हलकेच झेल्यात वाकवली. आत हिरवागार कॅटिडिड होता.

आपण सगळ्यांना नाकतोडा म्हणून मोकळे होतो, पण कॅटिडिडच्या मिशा केसासारख्या बारीक आणि बहुधा अंगापेक्षा लांब असतात. त्याचे कान पुढच्या पायांत असतात, गुडघ्याच्या जरा खाली. गातो तो नर. त्याच्या डाव्या पंखाच्या खालच्या बाजूला एक दातेरी शीर असते आणि ती उजव्या पंखाच्या कडेवर घासली की आवाज निघतो. जगात याच्या आठ हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. बऱ्याच जाती पानं, फुलं, बिया खातात, पण काही अस्सल शिकारी आहेत. सेर्व्हिल या फ्रेंच कीटकतज्ज्ञाने १८३१मध्ये नाव दिलेली हेक्झासेंट्रस ही प्रजाती त्यांपैकीच. आमचा किडा या प्रजातीच्या अगदी जवळचा वाटत होता. तरी नेहमीच्या झुडपांऐवजी तो एवढ्या उंचावर राहत होता आणि पंखांची ठेवणही थोडी वेगळी होती.

आता रीत अशी, की नमुना मिळाला की तो मारायचा. पोटाला खालून चीर देऊन आतडी काढायची, नाहीतर तो कुजून काळा पडतो. पाठीच्या उजव्या बाजूने टाचणी घालायची आणि एक पाय डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये ठेवायचा. मग काही आठवड्यांत त्याचा हिरवा रंग उतरून गवती पिवळा होतो. हे सगळं मी पुष्कळ वेळा केलं आहे आणि ते आवश्यकही आहे. पण या वेळी मी हट्ट धरला, आधी तो गाऊ दे आणि खाऊ दे.

या हट्टामागे एक जुनं काम आहे. बंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेत रोहिणी बालकृष्णन यांच्या प्रयोगशाळेने रातकिड्यांच्या आणि कॅटिडिडच्या आवाजांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. २००६मध्ये विवेक नित्यानंद आणि त्यांनी दक्षिण भारतातल्या मेकोपोडा प्रजातीवर एक शोधनिबंध लिहिला. हे किडे टाचणीवर लावले तर एकाला दुसऱ्यापासून ओळखता येत नाही. पण गाणी ऐकली तर पाच निरनिराळी! एक रेल्वेगाडीसारखं चालणारं, एक हेलिकॉप्टरसारखं घरघरणारं, एक दोन भागांचं, अशी त्यांची नावंही त्यांनी ठेवली. पेटीतले सगळे नमुने सारखेच दिसत असताना रानात पाच वेगळे गायक नांदत होते. हे वाचल्यापासून नुसत्या सुकलेल्या अंगावरून जात ठरवणं मला अपुरं वाटतं.

म्हणून आमचा नर जाळीच्या पिंजऱ्यात राहिला. गाण्याआधी तो बराच वेळ हलायचा नाही. मला तो निवांत वाटायचा, पण तसं नव्हतं. हेक्झासेंट्रसवर १९८६मध्ये हेलर या जर्मन अभ्यासकाने दाखवून दिलं होतं, की गाण्याआधी हा किडा छातीचे स्नायू थरथरवून अंग तापवून घेतो आणि मगच पंख त्या प्रचंड वेगाने हलवू शकतो. म्हणून आम्ही प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत खोलीचं तापमान लिहिलं. ते नसेल तर दुसऱ्या गावच्या गाण्याशी तुलना करण्यात अर्थ नाही, कारण थंड किडा संथ गातो.

शिकार मात्र मी लाल उजेडात अगदी जवळून पाहिली. एक करडा पतंग जाळीवर बसला होता. आमचा नर मिशा पुढे करून इंच-इंच सरकला. त्याच्या पुढच्या आणि मधल्या नडग्यांवर आतल्या बाजूने लांब काट्यांच्या रांगा आहेत. झेप अशी दिसलीच नाही. दिसलं ते एवढंच, की पतंग त्या काट्यांमध्ये होता आणि पाय पिंजऱ्याचं दार मिटावं तसे मिटले होते. पतंग पंख मारत राहिला, खवले उडाले. नराने डोक्यापासून सुरुवात केली आणि पंख खाली टाकून दिले. मग पुढचे पाय तोंडात धरून एकेक काटा साफ केला. हा सफाईचा भाग शिकारीपेक्षा जास्त वेळ चालला आणि मला तोच अधिक आवडला.

(शिकारी असला म्हणून तो सुरक्षित नाही. बालकृष्णन यांच्याच गटाने २०१५मध्ये कॅटिडिड खाणाऱ्या वटवाघळांबद्दल लिहिलं होतं. गाणाऱ्या नरापेक्षा गप्प मादीच वटवाघळांच्या तावडीत जास्त सापडते, असं त्यात आढळलं. आमच्या बागेतही वटवाघळं आहेत.)

नंतर नमुना टाचणीवर गेला. सूक्ष्मदर्शकाखाली मी त्या दातेरी शिरेचे दाते पाहिले, मध्ये रुंद आणि टोकांकडे बारीक होत जाणारे. नराच्या पोटाच्या टोकाशी मादीला धरण्यासाठी आकड्यांची एक जोडी असते. तिची वळणं जाती ओळखायला फार उपयोगी पडतात, म्हणून ती मी सगळ्या बाजूंनी काढली. नवी जात जाहीर करायची तर एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या जातीचा प्रमाण नमुना, म्हणून नेमावा लागतो. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार तो मान्यताप्राप्त संग्रहालयात जमा करावा लागतो. हा नियम मला पटतो. नमुना जपलेला असेल तरच पुढचा कोणी आमचं म्हणणं तपासू शकेल. त्याच्या शेजारी ध्वनिफीतही जमा व्हावी, असं मी वर्णनाच्या मसुद्यात लिहिलं आहे. गाणं आणि खाणं हे भाग शरीराच्या मोजमापांच्या आधी घेतले आहेत. एका सहकाऱ्याला ते उलटं वाटतं. वाचणारे आधी मोजमाप शोधतात, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते खरंही आहे. तरी मी क्रम बदललेला नाही.

मादी अजून मिळालेली नाही. मादीशिवाय वर्णन छापता येतं, पुष्कळांनी छापलं आहे. पण माझ्या मते थांबायला हवं. मादीच्या अंडी घालायच्या नळीचा आकार पाहिला, की अंडी सालीत, पानात की मातीत याचा अंदाज येतो. ती सालीत किंवा बारीक फांद्यांत जात असतील, तर पावसाळ्याआधीच्या छाटणीबरोबर पुढची पिढीही कापून जळणात जाईल. शहरात अशी छाटणी दर वर्षी होते. बागेच्या मालकांना आम्ही हे समजावून सांगितलं आणि या वर्षी फणसांच्या वरच्या फांद्यांना हात लावायचा नाही, असं त्यांनी मान्य केलं आहे.